चकलीसारखी चकती: फॅमिकॉमच्या डिस्कवर डेटा कसा लिहितात

फणस कापायच्या आधी आमच्याकडे हाताला आणि कोयतीला खोबरेल लावतात, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. मामाच्या डिस्क ड्राइव्हचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा आत तसाच चीक दिसला. काळपट, बोट लावलं की तार सुटणारा, चाकाच्या खोबणीत घट्ट बसलेला. तो मुळात रबरी पट्टा होता. पस्तीसेक वर्षांत वितळून त्याचं हे झालं होतं.

मामा व्यापारी जहाजावर होता. 1988 साली कोबे बंदरातून येताना त्याने माझ्या मामेभावासाठी निंटेंडोचा फॅमिकॉम हा टीव्हीवर गेम खेळायचा कन्सोल, त्याला जोडायचा लाल-काळा डिस्क ड्राइव्ह आणि सात पिवळ्या डिस्क आणल्या. जपानात घरातली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची, म्हणून सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर. आपल्या टीव्हीवर चित्र धड येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे एक छोटा जपानी टीव्हीसुद्धा. मामेभाऊ नोकरीसाठी मुंबईला गेला आणि हे सगळं आचऱ्याच्या घरी माळ्यावर गेलं. तीन वर्षांपूर्वी कौलं चाळायला घेतली तेव्हा ते माझ्या हाती लागलं.

शेजारचा नववीतला मुलगा रोज बघायला यायचा. एक दिवस त्याने विचारलं, "काका, गेमची फाइल लॅपटॉपवर आहे ना तुमच्याकडे? मग पेनड्राइव्हसारखी डिस्कवर कॉपी-पेस्ट करा की." प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण त्या डिस्कवर आपण समजतो तशी फाइल नसतेच. तिथे असतं फिरत्या चकतीवर ठरावीक वेळाने केलेल्या खुणांचं एक लांबलचक रांगोळीकाम. लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये त्या खुणांचा अर्थ असतो, पण वेळ नसते. डिस्क लिहिणं म्हणजे ती वेळ परत आणणं.

आधी यंत्राची ओळख करून देतो. फॅमिकॉम हा 1983 सालचा जपानी गेम कन्सोल. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेम म्हणून मिळणारी, कॅसेट खोचायची यंत्रं बहुतेक याच्याच नकला होत्या. आपण जिला कॅसेट म्हणायचो तिच्यात फीत नव्हती, चिप होती, आणि चिप तेव्हा महाग. 1985 चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम 40 किलोबाइटचा. मोठे गेम स्वस्तात द्यायचे तर दुसरा मार्ग हवा होता. म्हणून 21 फेब्रुवारी 1986 रोजी निंटेंडोने जपानात डिस्क सिस्टिम आणली, किंमत 15,000 येन. डिस्कच्या एका बाजूवर सुमारे 64 किलोबाइट मावत, दुसऱ्या बाजूसाठी डिस्क बाहेर काढून उलटी घालायची, ऑडिओ कॅसेटसारखी. शिवाय अर्धवट खेळ तिच्यावरच साठवता यायचा.

सगळ्यात सुंदर कल्पना होती ती दुकानातल्या यंत्राची. खेळण्यांच्या दुकानांत डिस्क रायटर ठेवलेला असे. कंटाळा आलेली डिस्क घेऊन जायचं, 500 येन द्यायचे, दुकानदार तिच्यावरच नवा गेम लिहून द्यायचा. आपल्याकडे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळायची, तसंच, पण त्याच्या वीस वर्षं आधी आणि खुद्द कंपनीकडून. डिस्कवर गेम लिहून देण्याची ही सेवा 2003 पर्यंत सुरू होती.

म्हणजे ही डिस्क पुन्हा पुन्हा लिहिली जाण्यासाठीच जन्माला आली. आज आपण घरी लिहितो तेव्हा तिच्या स्वभावाविरुद्ध काही करत नसतो. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गेम आजही कोणाच्या तरी मालकीचे आहेत. माझं काम आपल्या मालकीच्या मरायला टेकलेल्या डिस्क वाचवणं आणि स्वतः लिहिलेले छोटे प्रोग्राम त्यांच्यावर चढवणं, एवढंच.

वलयं नाहीत, चकली

विहिरीत खडा टाकला की एकात एक वलयं उठतात. साध्या फ्लॉपीवर डेटा असा असतो, एकमेकांपासून सुट्या गोल रेघांत. वाचणारं हेड हव्या त्या वलयावर थेट उडी मारतं.

फॅमिकॉमची डिस्क तशी नाही. ती चकली आहे. बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत एकच अखंड रेघ. मित्सुमी कंपनीने क्विक डिस्क नावाने हा प्रकार बनवला होता. रोलँड आणि अकाई यांच्या काही सॅम्पलर वाद्यांतही तो वापरला गेला. यात मोटर एकच. तीच चकती फिरवते आणि तीच दातेरी चाकांमधून हेडला हळूहळू आत सरकवते. हेड आतल्या टोकाला पोचलं की टक्‌ आवाज होतो आणि ते स्प्रिंगने सुरुवातीला परत येतं. एक पूर्ण फेरी सहा-सात सेकंदांची. दुसरी मोटर वाचल्यामुळे ड्राइव्ह स्वस्तात बनवता आला.

पण मधली एखादी गोष्ट हवी असली तरी सुरुवातीपासूनच जावं लागतं. चौथी फाइल हवी, तर आधीच्या तीन डोळ्यांखालून घालवत, मोजत जायचं. लिहितानाही तेच. मधल्या फाइलवर नवं लिहिताना थोडं जरी पुढे सरकलं तरी पुढच्या फाइलची सुरुवात खाल्ली जाते. म्हणूनच खेळ साठवायची फाइल बहुधा सगळ्यात शेवटी ठेवलेली असते. तिच्या पुढे बिघडण्यासारखं काही नसतं.

टाळांमधलं अंतर

आता त्या रेघेवर नक्की काय असतं ते पाहू.

चकतीवर चुंबकीय थर असतो. हेड म्हणजे एक इवलंसं विद्युतचुंबक. प्रवाहाची दिशा उलटली की खालच्या थरातल्या चुंबकत्वाची दिशाही तिथे उलटते. वाचताना हेडला ही उलटापालटच तेवढी जाणवते, तिथे बारीकसा ठोका उमटतो. उत्तर कुठे आणि दक्षिण कुठे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. एक आणि शून्य चकतीवर कुठेही लिहिलेले नसतात. असतात फक्त ठोके, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर.

आमच्याकडे डबलबारी, म्हणजे भजनांची जुगलबंदी, ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळेल. टाळ नुसते वाजले म्हणून भजन होत नाही, दोन टाळांमध्ये किती थांबलं यावर लय ठरते. डिस्कवर अशी तीनच अंतरं चालतात: एकपट, दीडपट आणि दुप्पट. या तिघांच्या क्रमातून एक आणि शून्य ओळखले जातात. दुपटीपेक्षा जास्त वेळ ठोका आलाच नाही, तर वाचणाऱ्याची मोजणी चुकेल, म्हणून लिहिण्याची पद्धतच अशी ठरवली आहे की तेवढी मोठी शांतता कधी येऊ नये.

हे प्रत्यक्ष आकड्यांत बघण्यासारखं आहे. ड्राइव्हचा वेग सेकंदाला सुमारे 96,400 बिटांचा. म्हणजे एकपट अंतर साधारण 10.4 मायक्रोसेकंद, दीडपट 15.6 आणि दुप्पट 20.7. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. आता समजा पट्टा क्षणभर घसरला आणि 10.4 चं अंतर ताणून 13 झालं. हे एकपट म्हणायचं की दीडपट? 13 हा आकडा दोघांच्या बरोबर मध्ये आहे. इथून पुढे वाचणारा एक ठोका चुकीचा धरतो आणि त्यामागचं सगळं अर्ध्या पावलाने सरकतं. डेटा पुसला गेलेला नसतो, चकतीला ओरखडाही नसतो. फक्त लय गेलेली असते.

म्हणून या कामात मला सगळ्यात जास्त आदर त्या रबरी पट्ट्याबद्दल वाटतो. लोक आधी चिपा तपासतात, सोल्डरिंग करतात, केबल बदलतात. पट्टा शेवटी बघतात. तो आधी बघायला हवा.

नारळाच्या बागेतली मोकळी जागा

नारळाची रोपं साडेसात मीटर अंतरावर लावतात. बाग नवी असताना बाहेरून आलेल्या माणसाला वाटतं, केवढी जागा वाया घालवली. झाडं मोठी झाली की कळतं, ते अंतर हाच बागेचा आधार आहे.

डिस्कवरही अशी मुद्दाम सोडलेली जागा असते. हेड सुरुवातीला परत आल्यावर पहिले साधारण 28,300 बिट नुसती शून्यं असतात, म्हणजे जवळजवळ 0.3 सेकंद मजकूर काहीच नाही. कारण प्रत्येक ड्राइव्हची मोटर वेग पकडायला थोडा कमी-जास्त वेळ घेते आणि हेडची सुरुवातीची जागाही केसभर वेगळी असते. एवढी पडीक जमीन असली की कोणताही ड्राइव्ह डेटा सुरू व्हायच्या आत लयीत येतो. मग एकच एक येतो. शून्यांच्या रांगेनंतरचा तो पहिला एक म्हणजे आता मजकूर सुरू झाल्याची खूण.

त्यानंतर पहिला ब्लॉक, 56 बाइटांचा. त्याचा पहिला बाइट 1, आणि मग दोन बाजूंना चांदणी असलेली 14 अक्षरं: निंटेंडो-एचव्हीसी. पुढे गेमचं तीन अक्षरी नाव, आवृत्ती, बाजू कोणती, तारीख वगैरे. मग साधारण 976 शून्य बिटांचं छोटं अंतर, दहाएक मिलिसेकंदांचं. दुसरा ब्लॉक दोनच बाइटांचा, यात फाइली किती ते सांगितलेलं. त्यापुढे प्रत्येक फाइलसाठी दोन ब्लॉक: एक 16 बाइटांचा, त्यात फाइलचं नाव, आकार आणि ती मेमरीत कुठे ठेवायची तो पत्ता, दुसऱ्यात प्रत्यक्ष मजकूर. प्रत्येक दोन ब्लॉकांमध्ये पुन्हा तेवढंच अंतर. हे अंतर नसतं तर अर्धवट खेळ साठवताना वाचणं थांबवून लिहायला सुरुवात करायला हेडला उसंतच मिळाली नसती.

प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी दोन बाइट तपासणीचे असतात. देवगडहून हापूसची पेटी वाशीला जाते तेव्हा तिच्यावर किती डझन ते लिहिलेलं असतं. तिथे उघडून मोजली आणि हिशेब जुळला नाही, की वाटेत काहीतरी झालं हे कळतं. डिस्कवर नुसती मोजणी पुरत नाही, कारण एक बिट गेला आणि दुसरा चुकीचा आला तरी संख्या तीच राहील. म्हणून अख्ख्या ब्लॉकला एक प्रचंड मोठी संख्या मानून तिला एका ठरलेल्या संख्येने एका खास पद्धतीने भागतात आणि उरलेली बाकी लिहून ठेवतात. वाचणारा पुन्हा भागतो. बाकी जुळली नाही तर एरर 27.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. लॅपटॉपवर जी गेमची फाइल असते तिच्यात डिस्कच्या एका बाजूसाठी बरोबर 65,500 बाइट असतात. त्यात मधली अंतरं नाहीत, सुरुवातीची खूण नाही, तपासणीची बाकी नाही. ज्याने कोणी ती फाइल बनवली त्याने झाडं तेवढी मोजून लिहिली, मधली जमीन सोडून दिली. डिस्कवर लिहिणाऱ्या उपकरणाला ही जमीन पुन्हा आखावी लागते: अंतरं घालायची, प्रत्येक ब्लॉकची बाकी काढायची, सगळ्याचे ठोके करायचे आणि फिरत्या चकतीवर न थांबता, न अडखळता एका दमात उतरवायचे. मी एफडीएसस्टिक नावाचं यूएसबीवर चालणारं छोटं उपकरण वापरतो. ते एका बाजूने लॅपटॉपला आणि दुसऱ्या बाजूने ड्राइव्हच्या केबलला जोडलं जातं.

दोन कुलपं वाटेत आहेत. पहिलं मजकुराचं. प्रत्येक डिस्कवर 224 बाइटांची एक फाइल असावी लागते, नाव क्योदाकू, म्हणजे जपानीत परवानगी. यंत्र सुरू होताना ती आपल्या आतल्या प्रतीशी ताडून बघतं, एक बाइट इकडचा तिकडे झाला तरी एरर 20. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामच्या डिस्कवरही ती फाइल ठेवावी लागली. दुसरं कुलूप ड्राइव्हच्या आत. सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये एफडी7201 नावाची चिप असते, तिला संपूर्ण डिस्क लिहायला हरकत नसते. नंतरच्या एफडी3206 वाल्या ड्राइव्हमध्ये खेळ साठवण्यापुरतं लिहिता येतं, पण अख्खी डिस्क एका दमात लिहू लागलात की सर्किट अडवतं. त्यासाठी बोर्डावर थोडं फेरजोडणीचं काम करावं लागतं. मामाच्या ड्राइव्हमध्ये 7201 निघाली.

आधी वाचा

लिहिण्याची घाई झालेल्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी जे आहे ते वाचून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं आणि चामड्याच्या चपलेवर रात्रीत बुरशी येते. या पिवळ्या डिस्कला फ्लॉपीसारखं सरकतं झाकण नाही, चकतीचा तुकडा उघडाच असतो. सातपैकी दोन डिस्कवर पांढरी बुरशी होती. तशी डिस्क घालायची नाही. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या डिस्कवर जाते. मी हेड प्रत्येक वेळी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसलं, आणि त्या दोन डिस्क उन्हाळ्यापर्यंत बाजूला ठेवल्या. वितळलेला पट्टाही याच अल्कोहोलने निघाला, कापूस लावलेल्या काडीने, दोन संध्याकाळी लागल्या. फणसाच्या चिकासारखं इथे तेल चालत नाही. तेलाचा थेंब चाकाला लागला तर नवा पट्टा घसरणार.

चांगल्या पाचांपैकी एका डिस्कवर मामेभावाने 1989 साली अर्धवट सोडलेला खेळ साठवलेला होता. मी त्या डिस्कची प्रत आधी घेतली आणि मगच बाकीच्यांना हात लावला. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "अरे, तां अजून आसा?" आणि बराच वेळ काही बोललाच नाही.

मला झालेली चूक

नवा पट्टा बसवला, मोटर गुरगुरली, आणि मी माझ्या छोट्या प्रोग्रामची डिस्क लिहिली. प्रोग्राम साधा होता: सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी आणि खाली सरकणाऱ्या लाटा. ड्राइव्हमध्ये घातली आणि लाटा हलल्या. त्या रात्री मला झोप आली नाही.

रत्नागिरीत माझा एक मित्र आहे, त्याच्याकडेही हा ड्राइव्ह आहे. डिस्क त्याला पाठवली. त्याचा फोन आला: एरर 22. म्हणजे यंत्राला पहिला ब्लॉक जिथे अपेक्षित होता तिथे सापडलाच नाही. त्याच्या मूळ जपानी डिस्क त्याच ड्राइव्हवर नीट चालत होत्या. मग मला आठवलं की माझ्याकडच्या पाचांपैकी दोन मूळ डिस्क कधी चालत, कधी नाही, आणि मी त्याचा दोष त्यांच्या वयाला दिला होता.

कारण असं. चकती ज्या गोल हबवर बसते तो हब दांड्यावर एका बारीक स्क्रूने आवळलेला असतो. चकतीचं फिरणं आणि हेडचं सरकणं दातेरी चाकांनी एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून हब कोणत्या कोनात बसला आहे यावर हेड चकलीच्या नेमक्या रेघेवर जाणार की दोन वेढ्यांच्या मधून जाणार हे ठरतं. पट्टा बदलताना मी हब सैल केला आणि खूण न करता परत आवळला. त्यानंतर माझा ड्राइव्ह जे लिहीत होता ते फक्त त्यालाच वाचता येत होतं. स्वतःच्या रेघेवर तो बरोबर चालत होता, पण ती रेघ बाकीच्या ड्राइव्हच्या रेघेपासून सरकलेली होती.

उपाय चिवटपणाचा आहे. जपानमध्ये कारखान्यात किंवा दुकानातल्या डिस्क रायटरवर लिहिलेली मूळ डिस्क घ्यायची, ती प्रमाण मानायची. स्क्रू सैल, हब केसभर फिरवायचा, आवळायचा, वाचून बघायचं. नाही जमलं, पुन्हा. मला तीन संध्याकाळी लागल्या. पाचही मूळ डिस्क सलग दहा-दहा वेळा वाचल्या गेल्या तेव्हाच मी कोऱ्या डिस्कला हात लावला. हब सैल करण्याआधी दांडा आणि हब दोन्हींवर सुईने एक बारीक रेघ ओढून ठेवली असती तर हे तीन दिवस वाचले असते. ही रेघ तुम्ही नक्की ओढा.

दुसरी डिस्क एसटीच्या पार्सलने रत्नागिरीला गेली आणि तिथे लाटा हलल्या.

पहिली डिस्क मित्राने परत पाठवली. त्या मुलाने ती हौसेने माझ्या ड्राइव्हमध्ये घातली, कारण ती इथेच लिहिली होती आणि इथेच चाललेली त्याने पाहिली होती. मोटर फिरली, हेड आत गेलं, टक्‌ करून परत आलं. एरर 22. त्याने काढून पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच. ज्या कोनात मी ती लिहिली तो कोन आता कुठल्याच ड्राइव्हमध्ये उरलेला नाही. सिलिका जेलची पुडी टाकून ती मी घट्ट झाकणाच्या डब्यात, मामेभावाच्या डिस्कशेजारी ठेवली आहे. किल्ला आणि लाटा तिच्यावर अजून आहेत.